नेमॅटोसेरा खरंच मोडीत निघाला का?

प्रश्न एका प्राणिशास्त्राच्या शिक्षिकेचा आहे. त्या शिकत असताना माश्यांच्या गणाचे, म्हणजे डिप्टेराचे, तीन उपगण शिकवले जायचे: नेमॅटोसेरा, ब्रॅकिसेरा आणि सायक्लोराफा. आता त्या स्वतः वर्गात हेच सांगतात, तर विद्यार्थी मोबाइल दाखवून म्हणतात, "मॅडम, नेमॅटोसेरा असं काही नसतंच." मग शिकवायचं काय? आणि पावसाळ्यात मुलांनी गोळा केलेल्या माश्या निदान कुलापर्यंत ओळखायच्या तर सुरुवात कुठून करायची?

विद्यार्थी बरोबर आहेत. पण म्हणून जुनं पुस्तक रद्दीत घालू नका. त्यातली विभागणी ओळखीसाठी अजून चालते, नात्यासाठी चालत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या की वर्गातला गोंधळ मिटतो.

आधी माशी कशाला म्हणायचं ते पक्कं करू, कारण गोळा केलेल्या नमुन्यांत निम्मी गडबड इथेच होते. पुस्तकं सांगतात पंखांची एकच जोडी. ते खरं, पण अपुरं. पिठ्या ढेकणाच्या नरालाही पंखांची एकच जोडी असते आणि तो पिवळ्या ताटलीच्या सापळ्यात हमखास येतो. उलट वटवाघळांच्या अंगावर राहणाऱ्या काही माश्यांना पंखच नसतात. त्यामुळे पंख मोजून थांबू नका, मागच्या पंखांचं काय झालंय ते बघा. माशीत त्यांच्या जागी बारीक दांडीवर गोळा असावा तसा अवयव असतो, त्याला हॉल्टिअर म्हणतात. उडताना तो पंखांच्या उलट लयीत हलतो. शरीर कुठल्याही बाजूला वळलं की त्याच्या बुडाशी असलेल्या संवेदी पेशींवर ताण येतो आणि त्यावरून माशी स्वतःला सावरते. हॉल्टिअर काढले तर माशीचं उड्डाण कोलमडतं, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. मुलांना दाखवायला क्रेनफ्लाय घ्या. जून-जुलैत ओलसर भिंतीवर लांबलचक पाय पसरून बसलेला, मोठ्ठा डास वाटणारा तो कीटक. तो चावत नाही आणि त्याचे हॉल्टिअर साध्या डोळ्यांना दिसतात.

या कसोटीवर मधमाशी, गांधीलमाशी, कपाशीवरची पांढरी माशी सगळ्या बाद होतात, त्यांना चार पंख असतात. झेंडूवर हवेत एका जागी स्थिर राहणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची 'छोटी मधमाशी' मात्र बहुतेक वेळा खरी माशी निघते. ती सिरफिड. डोळे डोक्यावर मावत नाहीत इतके मोठे, स्पर्शिका आखूड, पंख दोन. तिच्या काही जातींच्या अळ्या मावा खातात, म्हणून कृषी सल्ल्यात तिचं नाव मित्रकीटक म्हणून येतं.

आता उपगणांकडे. १७५८ मध्ये लिनियसने डिप्टेरात फक्त दहा वंश ठेवले होते. पुढे संख्या फुगत गेली आणि विभागणी करणं भाग पडलं. स्पर्शिका ही सोयीची खूण होती. डास, क्रेनफ्लाय, चिलटं यांच्या स्पर्शिका लांब, सारख्या दिसणाऱ्या अनेक खंडांच्या, ते नेमॅटोसेरा. गोमाशी, रॉबरफ्लाय यांच्या स्पर्शिका आखूड, ते ब्रॅकिसेरा. ज्यांचा कोष शेवटच्या अळीच्या कातडीतच कडक होतो आणि गोल झाकण उघडून माशी बाहेर येते, ते सायक्लोराफा. ही त्रिभागणी आपल्याकडच्या अभ्यासक्रमात इतकी रुजली की पुस्तकाच्या आवृत्त्या बदलल्या तरी ती तशीच राहिली.

घोटाळा असा, की सायक्लोराफा हा ब्रॅकिसेराच्या शेजारी उभा असलेला गट नाही, तो ब्रॅकिसेराच्या पोटात उगवलेला आहे. आणि ब्रॅकिसेरा स्वतः नेमॅटोसेराच्या पोटात उगवलेला आहे. समजा एका घराण्यातली एक शाखा शहरात गेली, भरभराटली आणि तिने नवं आडनाव घेतलं. गावी राहिलेल्या सगळ्या भाऊबंदांना आपण जुन्याच आडनावाने ओळखतो, पण त्या भाऊबंदांपैकी काहींचं रक्ताचं नातं गावातल्या शेजाऱ्यापेक्षा शहरातल्या शाखेशी जास्त जवळचं असतं. नेमॅटोसेराचं नेमकं हेच झालंय.

उदाहरण भाताचं घ्या. गादमाशी, ऑर्सिओलिया ओरायझी, दिसायला अगदी डासासारखी. नाजूक, लांब पायांची, मण्यांच्या माळेसारख्या स्पर्शिकांची. तिची अळी रोपाच्या वाढबिंदूशी राहते, पान निघायच्या जागी पोकळ नळी निघते आणि शेतकरी 'चंदेरी पोंगा' आला म्हणतात. जुन्या पुस्तकात गादमाशी आणि डास एकाच उपगणात आहेत. प्रत्यक्षात गादमाशीचं नातं डासापेक्षा तुमच्या स्वयंपाकघरातल्या घरमाशीशी जवळचं आहे. हे एकच वाक्य फळ्यावर लिहा, विद्यार्थ्यांना नेमॅटोसेरा का गेला ते कळेल.

गंमत म्हणजे ही चूक एकदाच झालेली नाही. वर्गीकरणात पायरी-पायरीला तीच चूक आहे. ब्रॅकिसेरातून सायक्लोराफा वेगळे काढले आणि उरलेल्यांना ऑर्थोराफा म्हटलं. सायक्लोराफातून कपाळावर खाच असलेल्या माश्या, म्हणजे स्किझोफोरा, वेगळ्या काढल्या आणि उरलेल्यांना अस्किझा म्हटलं. स्किझोफोरातून पंखाच्या बुडाशी पडदा असलेल्या कॅलिप्ट्रेट माश्या वेगळ्या काढल्या आणि उरलेल्यांना अकॅलिप्ट्रेट म्हटलं. दर वेळी एक गट त्याच्याकडे काय आहे त्यावरून वेगळा झाला आणि दुसरा त्याच्याकडे काय नाही त्यावरून उरला. 'नाही' या खुणेवर बांधलेला गट नात्याने एकसंध निघेल अशी आशाच ठेवू नये. पहिले गट आजही टिकून आहेत. दुसऱ्या बाजूचे नेमॅटोसेरा, ऑर्थोराफा, अस्किझा, अकॅलिप्ट्रेट हे चारही आता फक्त बोलीभाषेपुरते उरलेत. आम्ही तेही वापरतोच. 'हा ट्रे अकॅलिप्ट्रेटचा आहे' हे रोजचं वाक्य आहे, कारण छाटणी करताना तेवढं पुरतं.

हे सगळं केवळ मतांतर नाही. २०११ मध्ये ब्रायन वीगमन आणि सहकाऱ्यांनी १५७ पैकी १४९ कुलांचा जनुकीय आणि शारीरिक पुरावा एकत्र करून माश्यांचा वंशवृक्ष मांडला. त्यातून माश्यांच्या इतिहासात तीन मोठे बहर दिसले: साधारण २२ कोटी वर्षांपूर्वी खालच्या फांद्यांचा, १८ कोटी वर्षांपूर्वी ब्रॅकिसेराचा आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी स्किझोफोराचा. शेवटचा आकडा लक्षात येण्यासारखा आहे, डायनोसॉर संपले तो काळ. आज दिसणाऱ्या घरमाश्या, फळमाश्या, ब्लोफ्लाय सगळ्या या तिसऱ्या बहरातल्या.

स्किझोफोराची खूण शिकवायची तर चित्र काढू नका, माशी निघताना दाखवा. झाडाखाली पडलेले, अळी लागलेले दोन-तीन पेरू बरणीत ओलसर वाळूवर ठेवा आणि तोंडाला मलमल बांधा. अळ्या फळातून उड्या मारत वाळूत शिरतात आणि तपकिरी, पिंपाच्या आकाराचे कोष करतात. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, कोषाचं टोक सुटतं. बाहेर येणारी माशी फिकट, ओली, पंख चुरगळलेले आणि कपाळ नाही असं वाटावं अशी. कपाळाच्या जागी एक पांढुरकी पिशवी असते, टिलिनम. माशी अंगातलं रक्त तिच्यात ढकलते, पिशवी फुगते. आत ओढते, चपटी होते. याच धडकांनी तिने कोषाचं झाकण उचललेलं असतं आणि याच धडकांनी ती वाळूतून वर येते. वर पोहोचल्यावर पिशवी कायमची आत जाते आणि स्पर्शिकांच्या वर उलट्या यूसारखी बारीक शिवण मागे उरते. ती शिवण पुढे सुकलेल्या नमुन्यावरही भिंगाने दिसते. ती दिसली की माशी स्किझोफोरा. सिरफिडमध्ये ती नसते. वर्गातल्या मुलांनी एकदा हे कपाळ आत-बाहेर होताना पाहिलं की नाव पाठ करावं लागत नाही.

विविधतेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळखीला बसलात की प्रश्न येणारच. जगात माश्यांच्या दीड लाखाहून अधिक जातींचं वर्णन झालंय, भारतातून सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्यात. भारताचा आकडा माश्यांबद्दल कमी आणि माश्या पाहणाऱ्यांबद्दल जास्त सांगतो. कोस्टा रिकात झुर्की नावाच्या ठिकाणी ढगाळ जंगलाचा साधारण चार हेक्टरांचा एक तुकडा एक वर्ष तपासला, त्यात ७३ कुलांच्या ४,३३२ जाती सापडल्या. चार हेक्टर म्हणजे दहा एकर. आपल्या अख्ख्या देशाच्या यादीच्या तुलनेत हा आकडा ठेवून पाहा आणि मग कोयना, आंबोली किंवा भीमाशंकर डोळ्यांसमोर आणा.

आणि एवढ्या जाती असतात कुठे? मोठ्या, चमकदार माश्यांत नाही. गादमाशीचं कुल सेसिडोमायिडी, भुरकी चिलटं, कुबडी फोरिड, बुरशीवरची चिलटं, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या, एकसारख्या दिसणाऱ्या, कोणाला न आवडणाऱ्या माश्या. डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं, सुरू झाल्यापासून सेसिडोमायिडीत इतक्या अनाम जाती दिसतायत, की हे कुल सगळ्या प्राण्यांत सर्वांत मोठ्यांपैकी एक ठरेल असं मानणारे बरेच आहेत. मला ते पटतं. विद्यार्थी मात्र संशोधनासाठी विषय निवडताना डासच मागतात, कारण डासांना अनुदान असतं.

भारतीय माश्यांवरचं पायाभूत काम आजही 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'चे खंड आहेत. त्यातले १९१२, १९२० आणि १९२३ चे तीन खंड एन्रिको ब्रुनेत्ती यांचे. ते पेशाने संगीतकार होते आणि कलकत्त्यात माश्या पाहत. ॲनॉफिलिसवरचा १९३३ चा खंड ख्रिस्टोफर्स यांचा, इतर डासांवरचा १९३४ चा बॅरॉड यांचा. हे खंड पीडीएफमध्ये मिळतात. यातली बरीच नावं आता बदललीत, पण वर्णनं चोख आहेत. नाव मात्र ताज्या यादीतून तपासल्याशिवाय अहवालात लिहू नका.

नाव बदललं तर काय बिघडतं, असं शेतकरी गटात कोणीतरी विचारतंच. उत्तर फळमाशीत आहे. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही आंब्याची फळमाशी. तिच्यासारख्या दिसणाऱ्या माश्यांना १९९० च्या दशकात वेगवेगळ्या जाती मानलं गेलं, पपयी नावाची आग्नेय आशियातली त्यातलीच. २००३ मध्ये केनियात एक माशी सापडली, तिने आफ्रिकाभर फळबागांचं अतोनात नुकसान केलं, २००५ मध्ये तिला इन्व्हेडेन्स हे नाव दिलं गेलं. प्रत्येक नावामागे वेगळे क्वारंटाइनचे नियम, वेगळी प्रक्रिया, वेगळे खर्च. मग त्यांचे आपापसांत संकर करून, गंधरसायनं, जनुकं, आकारमान सगळं तपासून २०१५ मध्ये ठरलं, की पपयी आणि इन्व्हेडेन्स या दोन्ही डॉर्सालिसच आहेत. देशादेशांतलं भांडण एका समानार्थी नावाने मिटू शकतं. कागदावरचं वर्गीकरण बंदरावर पैसे वाचवतं ते असं.

आपल्याला याची झळ २०१४ मध्ये लागली होती. मालात फळमाशीसह किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने भारतातला आंबा, कारलं, पडवळ, वांगं आणि अळू यांची आयात मे महिन्यापासून थांबवली. कोकणातल्या हापूसवाल्यांचा तो हंगाम गेला. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, त्यानंतर निर्यातीच्या फळावर ४८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवण्यासारख्या प्रक्रिया कडक झाल्या.

बागेत ओळखायला मात्र जनुकं लागत नाहीत. डॉर्सालिसच्या पोटावर काळा टी असतो आणि पंखाच्या वरच्या कडेने सलग अरुंद काळी किनार टोकापर्यंत जाते. पेरूत येणाऱ्या करेक्टा या तिच्याच वंशातल्या जातीची किनार मधेच तुटते आणि टोकाला सुटा ठिपका राहतो, शिवाय तोंडावर आडवी काळी खूण असते. झोनाटा तांबूस, तिच्याही पंखाच्या टोकाला ठिपका. कारली-दोडक्यांवरची माशी, आता झ्यूगोडॅकस कुकर्बिटी, हिच्या छातीवर तीन पिवळ्या उभ्या रेघा. हा शेवटचा फरक फुकटचा नाही. पहिल्या तिघींचे नर सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या गंधाच्या आमिषाला येतात, काकडीवर्गीय माशीचे नर क्यू ल्यूर या दुसऱ्या आमिषाला. आंब्याच्या बागेत क्यू ल्यूर टांगून 'सापळा चालत नाही' म्हणणारे दर हंगामात भेटतात. आणि फळाच्या टोपलीवर घिरट्या घालणारी लालडोळी ड्रोसोफिला या फळमाश्यांच्या कुलातलीच नाही. ती पिकून आंबायला लागलेल्या फळाला येते. फळमाशीची मादी धडधाकट फळाला नळी टोचून आत अंडी घालते.

कुल कळलं म्हणजे सवय कळली असंही समजू नका. ज्वारीची खोडमाशी, ॲथेरिगोना सोकाटा, घरमाशीच्याच कुलातली. मादी रोपाच्या पानाखाली एकेक पांढरं अंडं घालते, अळी वाढबिंदू कापते आणि पोंगेमर होते. सुकलेला पोंगा ओढला की सहज हाती येतो आणि त्याला कुजका वास असतो. खरिपात पेरणी लांबली की हा त्रास वाढतो. सोयाबीनवरही खोडमाशीच म्हणतात, पण ती मेलानाग्रोमायझा, टोमॅटोच्या पानावर नागमोडी रेघा काढणाऱ्या नागअळीच्या कुलातली. तिथे पोंगा मरत नाही, झाड बाहेरून हिरवंच दिसतं; खोड उभं चिरलं की आत लालसर बोगदा दिसतो. मुलांना दोन्ही खोडमाश्या शेजारी ठेवून दाखवा.

याच्या उलटही होतं. बाथरूमच्या भिंतीवर बसलेली, बारीक पतंगासारखी केसाळ पंखांची माशी तुम्ही रोज पाहता. ती क्लॉग्मिया, तिच्या अळ्या जाळीखालच्या गाळात वाढतात. ती चावत नाही. ॲसिड ओतण्यापेक्षा गाळ घासून काढला तर ती जाते. तिचं कुल सायकोडिडी. याच कुलात सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी येते, जी बिहारात काळाआजार पसरवते आणि जिच्याशी चंडीपुरा विषाणूचा संबंध आहे. तो विषाणू १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने वेगळा केला आणि त्याला नागपूरजवळच्या गावाचं नाव मिळालं. बसण्याच्या ढबीवरून दोघी कळतात: क्लॉग्मिया पंख छपरासारखे अंगावर टेकवते, वाळूमाशी व्हीसारखे उभे धरते आणि उडण्यापेक्षा उड्या जास्त मारते.

सुरुवातीला पूर्ण ओळखतक्ता घेऊन बसू नका, मुलं कंटाळतात. आधी ट्रेवर चार ढीग करा. स्पर्शिकांचे खंड बरेच आणि सारखे, तो पहिला. स्पर्शिका आखूड पण कपाळावर शिवण नाही, तो दुसरा. यात गोमाशी, रॉबरफ्लाय, सिरफिड पडतील. शिवण आहे आणि पंखाच्या बुडाशी मोठा पांढरा पडदा आहे, तो तिसरा. यात घरमाशी, निळ्या-हिरव्या ब्लोफ्लाय, मांसमाश्या, ताकिनिड. शिवण आहे पण पडदा नाही किंवा अगदी लहान, तो चौथा आणि सर्वांत कटकटीचा. हे चार ढीग म्हणजे जुनंच वर्गीकरण, मुद्दाम वापरलेलं. पहिल्या ढिगात पंखांच्या शिरा बघायला शिकवा, तिसऱ्यात छातीवरच्या ताठ केसांच्या रांगा. चौथ्या ढिगातल्या फळमाश्यांची पंखावरची सबकोस्टा शीर टोकाजवळ काटकोनात वळते, एवढं एक पहिल्या वर्षी पुरे.

पिवळी प्लास्टिकची ताटली, पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, एवढ्या सापळ्यात कॉलेजच्या आवारात वर्षभराचं काम मिळतं. अभयारण्यात जायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी काढा. टाचणी छातीच्या मध्यभागी नको, जरा उजवीकडे टोचा, म्हणजे डाव्या बाजूचे केस शाबूत राहतात. ओळख त्या केसांवरच चालते. लहान माश्या टोचू नका, अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि पुढे डीएनए काढायचा विचार असेल तर ९५ टक्क्यांचं घ्या. कोकणात पावसाळ्यात पेट्यांना बुरशी लागते, त्यामुळे पेटी बंद करण्याआधी नमुने बल्बच्या उबेत सुकवा. बरणीत निघालेली माशी लगेच मारू नका. रंग बसायला दिवस-दोन दिवस लागतात आणि फिकट माशीवर किनार, टी, रेघा काहीच दिसत नाही. लेबलवर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतंच. त्याखाली 'पेरू, झाडाखाली पडलेलं फळ, अळी वाढवून' असंही लिहायला लावा आणि रिकामं कोषाचं कवच त्याच टाचणीवर खाली चिकटवा.